चेटकीण गोष्टीत असू दे, जिन्यात नको

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

पत्र साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकेचं आहे. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा-सून पुण्यात नोकरीला आहेत आणि आठ वर्षांचा नातू उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे असतो. यंदा आजीने त्याला रोज रात्री एक इंग्रजी कादंबरी मराठीतून सांगायला घेतली. रोआल्ड डाल यांची, 1983 साली आलेली ‘द विचेस’. आई-वडील अपघातात गेलेला एक मुलगा, त्याची नॉर्वेची आजी आणि त्या दोघांची चेटकिणींशी पडलेली गाठ. या चेटकिणी दिसायला चारचौघींसारख्या असतात, पण टक्कल झाकायला केसांचा टोप आणि नख्या झाकायला हातमोजे घालतात. स्वच्छ मुलांचा त्यांना लांबून वास येतो.

नातू गोष्टीत पुरता बुडाला. आंघोळ नको म्हणू लागला. शेजाऱ्यांनी दिलेला कंदी पेढा हुंगून बाजूला ठेवू लागला. तोवर सगळे हसत होते. मग खालच्या मजल्यावरच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला (‘मलाही आवर्जून बोलावलं होतं’, असं आजी लिहितात) भरल्या खोलीत त्याने वरच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं, “तुमचे केस खरे आहेत का?” काकूंची केमोथेरपी चालू आहे. हातात सुती मोजे, डोक्यावर टोप. त्या आंब्याच्या डाळीची वाटी तशीच ठेवून उठल्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात मुलांच्या तोंडी ‘चेटकीण’ हा शब्द होता.

मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा आयुष्यभर अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करत राहिले, आणि त्यांच्याच घरात तू चेटकिणी सांगतेस?” सून म्हणते, गोष्ट संपवायचीच असेल तर तो मुलगा परत माणूस झाला असं सांगा आणि मिटवा. कारण गोष्ट थांबली आहे ती चेटकिणींनी मुलाचा उंदीर केला त्या ठिकाणी. नातू रोज विचारतो, “आजी, उंदीर किती वर्षं जगतो?”

आजींचं म्हणणं असं: ‘मी चुकले का? गोष्ट बंद करू, बदलू, की आहे तशी सांगू? आणि वर जाऊन काकूंना तोंड कसं दाखवू?’

उत्तर

बाई,

(तुम्ही आयुष्यभर वर्गावर होतात, तेव्हा मीही बाईच म्हणते.) तुमच्या पत्रातले बाकी सगळे प्रश्न आठ-पंधरा दिवस थांबू शकतात. एकच थांबू शकत नाही, आणि तो तुम्ही अगदी शेवटी, एका ओळीत उरकलाय. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

काकूंकडे जा. आज संध्याकाळीच जा, आणि नातवाला बरोबर नेऊ नका. पोराला दारात पुढे करून “सॉरी म्हण काकूंना” असं करायला लावलं की होतं काय, त्या बिचाऱ्या बाईला हसून “अहो असू दे, लहान आहे” म्हणावंच लागतं. ज्याला लागलंय त्यानेच बाकीच्यांची समजूत घालायची, ही आपल्याकडची जुनी तऱ्हा. ‘लहान आहे हो’ हे वाक्य तुम्हीही वापरू नका. ती सूट द्यायची की नाही हे त्यांनी ठरवायचं. तुम्ही एवढंच म्हणा, “त्या दिवशी माझ्या नातवानं तुम्हाला चारचौघींत तसं विचारलं. ती गोष्ट त्याला मी सांगत होते. मला फार वाईट वाटलं.” मग गप्प बसा. त्या चिडतील, रडतील, नाहीतर सरळ चहा टाकतील. काहीही झालं तरी पुस्तक किती चांगलं आहे हे त्यांना समजावत बसू नका.

निघण्यापूर्वी एक विचारून घ्या. त्याला तुमच्या आजाराबद्दल सांगितलेलं चालेल का, आणि किती? हा आजार घरात आला की कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हे ठरवणं एवढीच गोष्ट कधीकधी त्या माणसाच्या हातात उरते. त्या ‘नको’ म्हणाल्या तर नातवाला फक्त इतकं सांगा की काही आजारांवरची औषधं अशी असतात की केस गळतात, आणि कुणाचे का गळले हे आपण विचारायचं नसतं. ‘सांगा’ म्हणाल्या तर सगळं नीट सांगा, आठ वर्षांच्या मुलाला पुरेल इतकं शास्त्र घालून. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात. केमोथेरपीतली बरीच औषधं अशा भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही भराभर वाढणाऱ्याच, म्हणून त्याही सापडतात आणि केस गळतात. उपचार संपल्यावर काही महिन्यांत बहुतेकांचे परत येतात. काही औषधांनी तळहात लाल होतात, कातडी सोलवटते, नखं काळी पडतात. मग भांड्याची कडसुद्धा हाताला टोचते, म्हणून ते सुती मोजे. आणि हो, हा आजार शिवून होत नाही, हे त्याने विचारायच्या आधीच सांगून टाका. मुलं ते विचारत नाहीत, नुसती लांब उभी राहतात.

यावर तो बहुधा विचारेल, “दुखतं का त्यांना?” तसं विचारलं, तर तुमचं निम्मं काम झालं म्हणून समजा. मग काकूंना चालणार असेल तर त्याला वर जाऊ द्या. माफीचं भाषण पाठ करून पाठवू नका. काहीतरी काम घेऊन जाऊ दे, दुधाची पिशवी पोचवायची म्हणा, वर्तमानपत्र म्हणा.

आता गोष्टीकडे वळते.

तुम्ही विचारता, मी चुकले का. हे विचारताना तुम्ही एक धरून चालला आहात, की गोष्टीतली भीती पोराच्या डोक्यात शिरली आणि तिनं हे सगळं घडवलं. मला तसं दिसत नाही. तुमचा नातू घाबरलेला नव्हता. घाबरलेलं पोर चेटकिणीसमोर उभं राहून तिला केसांबद्दल विचारत नाही, ते पदराआड लपतं. तो तपास करत होता. आजीकडून खुणांची यादी मिळाली होती, यादीतल्या दोन खुणा एका बाईत जुळल्या, तिसरी विचारून खात्री करून घ्यायची होती. त्याच्या आजोबांच्या कामाची थोडीफार ओळख असलेला कुणीही म्हणेल की तऱ्हा घरचीच आहे. बिघडलं ते दोन ठिकाणी. यादीच कच्ची होती, आणि समोर जिवंत माणूस होतं.

यादी कच्ची आहे हे त्याचं त्यालाच कळू द्या. गोष्ट ज्या देशात घडते तिथे भर उन्हाळ्यात हातमोजे घातलेली बाई संशयाची. आपल्याकडे? एखाद्या दुपारी त्याला पोवई नाक्यावर घेऊन जा. रसवंतीत उसाचा रस घ्या, सावलीला बसा, आणि दहा मिनिटांत स्कूटीवरून गेलेल्या किती बायका-मुलींच्या हातात मोजे होते ते त्याला वहीत मोजायला लावा. कोपराच्या वरपर्यंत मोजे, डोक्याला-तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ, त्यावर गॉगल, अंगात सनकोट. पुस्तकातल्या हिशेबानं राजपथावरून रोज चेटकिणींची फौज जाते म्हणायची. त्याला विचारा, मग ही खूण कामाची आहे का? उत्तर तुम्ही देऊ नका. वही त्याच्या हातात आहे.

आणखी एक. तुम्ही गोष्ट सांगताना हे आलंच असेल, पण बहुधा ओघात निघून गेलं. त्या पुस्तकातल्या आजीच्या एका हाताला अंगठा नाही. तो कसा गेला हे ती नातवाला शेवटपर्यंत सांगत नाही. वर ती चिरूट ओढते. खुणांवरून माणूस ओळखायचं म्हटलं, तर त्या पोरानं सगळ्यात आधी स्वतःच्या आजीपासून पळायला हवं होतं. मूळ पुस्तकातही ती आजी नातवाला बजावते की भेटेल त्या बाईचे केस ओढून बघत सुटता येत नाही. 2023 मध्ये इंग्लंडातल्या प्रकाशकानं नव्या आवृत्तीत त्या जागी वेगळं वाक्य घातलं, की बायकांनी टोप घालायला इतरही पुष्कळ कारणं असतात आणि त्यात वावगं काही नाही. त्यावरून तिकडे बराच गदारोळ झाला, आणि जुना मजकूरही छापत राहू असं प्रकाशकाला जाहीर करावं लागलं. छापलेल्या पुस्तकात असा हात घालावा का यावर दोन्हीकडून बोलता येईल. पण तोंडी गोष्ट सांगणाऱ्या आजीला हा वाद लागूच होत नाही. पान उलटायच्या आधी थांबून तुम्ही स्वतः बोलू शकता. या बाबतीत तुम्ही प्रकाशकापेक्षा फार बऱ्या जागी आहात.

आता थोडं कडू. खुणांची यादी नातवाला पुस्तकानं दिली, पण खोलीतल्या एका बाईला वेगळं काढून तिच्याकडे बघायचं हे त्यानं पुस्तकातून घेतलं असं मला वाटत नाही. आपल्या घरांतून दिवसभरात काय काय कानावर पडतं ते आठवा. हडळ, कैदाशीण, जखीण हे शब्द कुणाबद्दल वापरतात? तिची नजर लागते, तिच्या हाताला यश नाही, पांढऱ्या पायाची आहे. तुम्हाला हळदीकुंकवाला ‘आवर्जून’ बोलावलं, असं तुम्ही लिहिलंय. त्या ‘आवर्जून’मध्ये काय आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. नवरा गेला की बाईच्या वाट्याला कुंकवाच्या करंड्यापासून चार पावलं लांबचा पाट येतो, आणि कुणी मोठ्या मनाची निघाली तर ती आवर्जून बोलावते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाला 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत करावा लागला, म्हणजे गोष्ट फार जुनी नाही. एखादी बाई खोलीत आली आणि खोली किंचित मागे सरली, तर कसं वाटतं हे तुम्हाला ठाऊक आहे. काकूंकडे जाताना तेवढं बरोबर असू द्या. बोलून दाखवायची गरज नाही.

म्हणूनच तुमच्या मुलाचा राग मला पोकळ वाटत नाही. तो वाढला तो साताऱ्यात, आणि अशा घरात. डॉ. नरेंद्र दाभोलकर याच गावचे. 1989 मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, जादूटोण्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्या कायद्याच्या अनुसूचीत काय काय आहे ते एकदा वाचा. अमका करणी करतो, मंत्र घालून गुरांचं दूध आटवतो, याच्यामुळे रोगराई आली, असा आळ घेऊन एखाद्याचं जगणं कठीण करणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. अशी कलमं उगाच लिहिली जात नाहीत. आपल्याच राज्यात नंदुरबारकडे ‘डाकीण’ ठरवून बायकांना मारहाण झाली आहे. झारखंडनं 2001 मध्ये, छत्तीसगडनं 2005 मध्ये याच एका गोष्टीसाठी स्वतंत्र कायदे केले. ज्याच्या वडिलांनी हे सगळं जवळून पाहिलं, त्याच्या पोराच्या तोंडून जिन्यात ‘चेटकीण’ ऐकू आलं तर त्याच्या पोटात गोळा येणारच.

पण त्याचा नेम चुकतोय. त्याच्या वडिलांचं भांडण कशाशी होतं? जी गोष्ट खरी म्हणून विकली जाते, तिच्याशी. अंगारा देणारा बाबा ‘ही गोष्ट आहे’ असं म्हणत नाही, तो ‘हे असंच आहे’ म्हणतो आणि वर दक्षिणा घेतो. तुम्ही रात्री दिवा लावून ‘एक होती आजी, एक होता मुलगा’ म्हणून सुरू करता, तेव्हा त्या पोराला पहिल्या वाक्यातच कळतं की आपण कुठे चाललोय. भोपळ्यात बसून टुणूक टुणूक जाणारी म्हातारी ऐकून कुणी वाघाशी बोलायला जंगलात गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. तीही पाहा, म्हातारी एकटी, रस्त्यात कोल्हा, वाघ, सगळे तिला खायला टपलेले, आणि ती अकलेच्या जोरावर सुटते. भीती तिच्यातही भरपूर आहे. आठ वर्षांच्या मुलाला खरं काय आणि गोष्टीतलं काय हे दिवसा चांगलं कळतं. रात्री दिवा घालवल्यावर ते थोडं डळमळतं, इतकंच. म्हणून तुमच्या एका सवयीत मात्र बदल करा. गोष्ट रात्रीची नको. दुपारी चारला, चहाच्या वेळी सांगा. पुढे खेळायला संध्याकाळ पडलेली असली म्हणजे मुलं भीती मैदानात जिरवून येतात.

मुलाशी बोलताना दोघांना मान्य होईल असा एकच नियम ठरवा, आणि तोच नातवालाही सांगा. गोष्टीत हव्या तितक्या चेटकिणी, पण जिवंत माणसाला हे नाव द्यायचं नाही. हळू आवाजात नाही, गमतीतही नाही, पाठीमागेही नाही. नियम लहान आहे, आठ वर्षांचा मुलगा पाळू शकतो. जिन्यातल्या बाकीच्या मुलांना गोळा करून भाषण देऊ नका. त्यापेक्षा चेटकिणीचं काम तुम्हीच घ्या. मी गंमत करत नाहीये. भांडी घासायचे रबरी मोजे चढवा, डोक्याला जुनी ओढणी बांधा आणि सोसायटीच्या अंगणात पोरांच्या मागे लागा. त्यांना चेटकीण हवी आहे, तर ती मिळू दे, आणि ती कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असू दे. गुडघे साथ देत नसतील तर खुर्चीवर बसून राज्य घ्या. वरच्या काकूंवरचं लक्ष दोन दिवसांत उडेल.

पेढ्याचं आणि आंघोळीचं फार मनावर घेऊ नका. अनोळखी माणसानं दिलेलं न खाणं ही चांगलीच सवय आहे, फक्त शेजारचे अनोळखी नाहीत हे सांगा. आंघोळीबाबत म्हणाल, तर मेच्या उकाड्यात चौथ्या दिवशी तो स्वतःच बादली भरून घेईल.

राहिला शेवट. बाई, यावर मला खरंच विचार करावा लागला.

सून म्हणते तो शेवट वाऱ्यावरचा नाही. 1990 साली या पुस्तकावर सिनेमा आला, त्यात अगदी हेच केलंय. मुलगा परत माणूस होतो, सगळे खूश. लेखकाला तो बदल अजिबात रुचला नव्हता. पुस्तकात मुलगा उंदीरच राहतो. आणि तो आजीला अगदी हाच प्रश्न विचारतो, जो तुमचा नातू रोज विचारतो, उंदीर किती वर्षं जगतो? आजी सांगते, साधा उंदीर तीनेक वर्षं, पण तू माणूस-उंदीर आहेस, नऊ वर्षं तरी जगशील. पोराला आनंद होतो, कारण आजी शहाऐंशी वर्षांची आहे. तिच्यामागे राहायची वेळ आपल्यावर येणार नाही, याचा तो आनंद.

तुमच्या नातवाला हा शेवट अजून माहीत नाही, तरी तो त्याच दारापाशी जाऊन उभा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचे आजोबा गेले, तेव्हा तो सहाचा होता. त्याला त्या वेळी कुणी काय सांगितलं, हे पत्रात नाही. इतक्या लांबून मी निदान करणार नाही. पण एखादं मूल एकच प्रश्न रोज विचारतं तेव्हा पहिलं उत्तर त्याला पुरलेलं नसतं. पुढच्या वेळी वर्षं सांगू नका. म्हणा, “का रे, कुणाची काळजी वाटतेय?” आणि भाजी निवडत राहा. डोळ्याला डोळा लावून बसलात तर तो बोलणार नाही.

तर कुठला शेवट? माझं मत, खरा सांगा. एक तर पुस्तक घरात आहे, पोर इंग्रजी शाळेत जातंय, वर्ष-दोन वर्षांत ते स्वतः वाचेल आणि आजीनं आपल्याला फसवलं हे त्याला कळेल. दुसरं, ‘सगळं पूर्वीसारखं झालं’ हा शेवट आजोबा गेलेल्या मुलाला पटत नाही. पूर्वीसारखं होत नसतं, हे त्यानं पाहिलंय. त्याला हे ऐकायचंय की पूर्वीसारखं झालं नाही तरी आजी त्याच मायेनं त्या उंदराला खिशात घेऊन फिरते, त्याच्यासाठी छोट्या छोट्या सोयी करते, आणि पुढच्या कामगिरीचे बेत दोघं मिळून आखतात.

मात्र ‘आजीबरोबर आपणही जाऊ’ यातला आनंद तसाच त्याच्या पदरात टाकून उठू नका. पुस्तकातल्या पोराला आजीशिवाय कुणी नाही. तुमच्या नातवाला आई आहे, बाप आहे. तिथे गोष्ट थांबवा आणि आपल्या शब्दांत सांगा, “त्या उंदराला तसं वाटलं. मला मात्र तू माझ्यानंतर खूप खूप वर्षं राहायला हवायस. मी म्हातारी आहे, कधीतरी जाणार, पण आत्ता माझी तब्येत बरी आहे आणि तुझ्याजवळ आई-बाबा आहेत.” ‘मी तुला सोडून कुठ्ठे जाणार नाही’ हे वचन देऊ नका. ते कुणालाच पाळता येत नाही, आणि त्याला ते ठाऊक आहे. मग सुनेचा शेवटही सांगा. सिनेमावाल्यांनी असं केलं, तुला कुठलं आवडलं, का? पोरगं काय निवडतं त्यावरून तुम्हा तिघांनाही बरंच समजेल, आणि सुनेचं म्हणणं डावललं असंही होणार नाही.

अशाच पेचातल्या बाकीच्या आई-बापांना आणि आजी-आजोबांना इथेच दोन शब्द सांगते. भीतीची गोष्ट ऐकून दोन-चार रात्री दिवा चालू ठेवायला लागणं, पायाशी येऊन झोपणं यात काळजीचं काही नाही. पण तीन-चार आठवडे झाले तरी झोप लागत नसेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं असेल, रोज सकाळी पोट दुखत असेल, शाळा किंवा खेळ टाळला जात असेल, तर गोष्टीला दोष देत बसू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मनाच्या तक्रारींसाठी सरकारचा ‘टेलिमानस’ हा 14416 क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आणि ‘झोप, नाहीतर हडळ येईल’ हे ज्या घरात चालतं त्या घरानं दुसऱ्याच्या पुस्तकांवर बोलू नये. गोष्टीतली चेटकीण गोष्टीबरोबर संपते. धाक दाखवायला बोलावलेली कधीच संपत नाही, कारण तिला शेवटच नसतो.

बाई, तुमच्याकडे वेळ थोडा आहे. जूनच्या मध्यावर शाळा उघडेल, त्याआधी मुलगा-सून त्याला न्यायला येतील. त्यांना एक दिवस आधी यायला सांगा आणि शेवटचा हप्ता चौघं मिळून ऐका. मुलगा उंदीर झालाय आणि पुढचं माहीत नाही, अशा अवस्थेत त्याला पुण्याच्या गाडीत बसवू नका, आणि उरलेलं फोनवर तर मुळीच सांगू नका. मात्र मुलाला पुस्तक आधीच पाठवून द्या. पत्रावरून मला दाट शंका आहे, तो ज्या पुस्तकावर एवढा चिडलाय ते त्यानं अजून उघडलेलं नाही.